सदतिसावं वचन गेलं कुठे?

मराठी बायबल हाताशी असेल तर 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा आठवा अध्याय काढा आणि वचनांचे आकडे बघत खाली या. चौतीस, पस्तीस, छत्तीस... आणि मग? काही आवृत्त्यांत सदतिसावं वचन जागच्या जागी आहे. काहींत ते कंसात घातलेलं आहे. काहींत मात्र छत्तीसनंतर एकदम अडतीस! मधलं वचन मजकुरातून गायब, फार तर पानाच्या तळाशी बारीक टायपात त्याची नोंद. छापखान्याची चूक? मुळीच नाही. ही जागा जाणूनबुजून रिकामी सोडलेली आहे. ती का सोडली, हे शोधायला निघालं की माणूस थेट दोन हजार वर्षं मागे जाऊन पोचतो.

कुणी 'कोणतं बायबल घेऊ?' असं विचारलं, मग ते घरातल्या प्रार्थनेसाठी असो की निव्वळ कुतूहलापोटी, तर मला आधी हाच अध्याय उघडून दाखवावासा वाटतो. कारण त्यातली गोष्टच मुळी एका गोंधळलेल्या वाचकाची आहे. जेरुसलेमहून गाझाकडे जाणाऱ्या वाटेवर एक रथ चालला आहे. आत बसला आहे इथिओपियाच्या राणीचा खजिनदार. (त्या काळचं 'इथिओपिया' म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा, आजच्या सुदानातला नाईलकाठ. तरीही मलिक अंबर या हबशी वजिराने १६१० मध्ये वसवलेल्या आपल्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, ही गोष्ट वाचताना मला हा आफ्रिकी अधिकारी फार जवळचा वाटतो.) तो यशया संदेष्ट्याचं पुस्तक मोठ्याने वाचतो आहे. फिलिप्प नावाचा येशूचा अनुयायी धावत रथाजवळ येतो आणि विचारतो, वाचताय ते समजतंय का? खजिनदार सरळ सांगतो की कुणी उलगडून सांगितल्याशिवाय कसं समजणार! आणि त्याला वर रथात बसवून घेतो.

ज्याला सगळे 'स्टडी बायबल' म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? मजकुराच्या शेजारी बसून समजावणारा माणूस, एवढंच. त्याहून गंमत पुढे आहे. त्या खजिनदाराने वाचलेल्या ओळी या पुस्तकाचा लेखक मानल्या जाणाऱ्या लूकने जशा उतरवल्या आहेत, त्या हिब्रू मुळाशी तंतोतंत जुळत नाहीत; जुळतात त्या ग्रीक भाषांतराशी. म्हणजे बायबलच्या पानांतच एक वाचक हातात भाषांतर घेऊन बसला आहे आणि त्याचं त्यालाच अडलं आहे!

पुढे पाणी दिसतं. खजिनदार विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला आता काय हरकत आहे? हे छत्तिसावं वचन. अडतिसाव्यात रथ थांबतो आणि दोघं पाण्यात उतरतात. सदतिसाव्यात असतो तो मधला संवाद: मनापासून विश्वास असेल तर घे, असं फिलिप्प म्हणतो आणि खजिनदार येशूवरचा विश्वास बोलून दाखवतो. इतकं सुंदर वचन काढलं कुणी?

काढलं कुणीच नाही. घातलं कुणी, असा प्रश्न आहे.

लूकच्या हातचा कागद आज जगात कुठेही नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, शेकडो वर्षं हाताने उतरवलेल्या. त्यातल्या सर्वांत जुन्या आणि भरवशाच्या ग्रीक प्रतींत हे वचन नाही. पण दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या धर्मगुरूला ते माहीत होतं, म्हणजे शब्द जुनेच आहेत! मग झालं असावं असं: बाप्तिस्म्याच्या वेळी विचारायचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मंडळीत ठरलेली होती. छत्तिसाव्या वचनातला प्रश्न उत्तराविना लोंबकळतोय असं पाहून कुणीतरी ते उत्तर समासात लिहून ठेवलं. पुढच्या नकलकाराला वाटलं, हे आधीच्याकडून गळलं असेल. त्याने ते आत घेतलं. समासातली टीप शास्त्र झाली.

आता १५१६ साली या. राईनकाठच्या बासल शहरातल्या छापखान्यात इरॅस्मस हा विद्वान ग्रीक नवा करार घाईघाईने छापतो आहे. त्याच्याजवळच्या एका हस्तलिखितात हे वचन समासातच होतं. नकलकाराच्या हलगर्जीपणामुळे ते बाहेर राहिलं असावं असं समजून त्याने ते मजकुरात घातलं. मग १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने ग्रीक नव्या कराराला वचनांचे आकडे दिले, तेच आज जगभर चालतात. त्याच्या छापील पानावर हे वाक्य होतं, त्याला सदतीस आकडा मिळाला. पुढे जुनी हस्तलिखितं उजेडात आली, वाक्य मजकुरातून उतरलं, पण आकडे कसे बदलणार? सगळ्या जगाचे संदर्भ कोलमडले असते. म्हणून ती जागा रिकामी.

हे सगळं फार दूरचं वाटतंय? मग पैठणला चला, आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. इरॅस्मसनंतर सत्तर वर्षांच्या आत, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथ महाराज तिथे ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून बघत होते. तीनशे वर्षांत नकलकारांनी पाठ बिघडवले होते. नाथांनी प्रती जुळवून शुद्ध पाठ तयार केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. एकाच शतकात, एकमेकांचं नावही न ऐकलेली दोन माणसं, एक राईनकाठी आणि एक गोदाकाठी, नकलकारांच्या त्याच गुंत्यात हात घालून बसली होती!

बरं, तो खजिनदार वाचत होता त्या यशयाचं काय? हिब्रू जुन्या काळी नुसत्या व्यंजनांत लिहीत. काना, मात्रा, वेलांटी सगळं काढून टाकलेलं पान डोळ्यांसमोर आणा. 'कल' लिहिलंय, वाचायचं काल, कला, की कोल? 'उत्पत्ती'च्या सत्तेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी म्हातारा याकोब कशावर तरी वाकतो. ती व्यंजनं 'मित्ता' वाचली तर खाट, 'मत्ते' वाचली तर काठी. म्हणून बहुतेक बायबलांत तिथे खाट आहे; पण 'इब्री लोकांस पत्र' याच्या अकराव्या अध्यायात हाच प्रसंग येतो तेव्हा याकोबाच्या हाती काठी आहे, कारण तो लेखक ग्रीक भाषांतर वाचत होता आणि ग्रीक भाषांतरकाराने काठी वाचली होती. एकाच पुस्तकाच्या दोन टोकांना दोन वाचनं, दोन्ही शाबूत.

स्वरांच्या खुणा सातव्या ते दहाव्या शतकात मासोरा परंपरेच्या यहुदी पंडितांनी लावल्या. आपल्याला मिळालेली हिब्रू बायबलची सगळ्यात जुनी संपूर्ण प्रत इसवी सन १००८ची. त्याआधी काय होतं, कसं कळणार? १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या गुहेत बेदुईन मेंढपाळांना चामड्याच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यात जवळजवळ पूर्ण यशया होता, सव्वासात मीटरहून लांब आणि येशूच्याही शंभरेक वर्षं आधीचा! एका झटक्यात अभ्यासक हजार वर्षं मागे गेले. मजकूर किती बदलला होता? थक्क व्हायला होतं: शुद्धलेखनाचे फरक पुष्कळ, पण पुस्तक तेच. मात्र त्रेपन्नाव्या अध्यायात, खजिनदाराच्या ओळींपासून अवघ्या तीन वचनांवर, अकराव्या वचनात या गुंडाळीत एक शब्द जास्तीचा आहे: प्रकाश. दुःख भोगणारा सेवक पुढे काहीतरी 'पाहील', एवढंच मध्ययुगीन हिब्रू प्रतींत आहे. काय पाहील ते नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र 'प्रकाश' होता. शतकानुशतकं वाटत राहिलं की तो भाषांतरकाराने पदरचा घातला. गुहेने त्याची बाजू घेतली.

आता मराठीकडे या. फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. पण ते बायबलची गोष्ट सांगतं, भाषांतर करत नाही. भाषांतराची छपाई सुरू झाली ती बंगालात! सिरामपूरला विल्यम कॅरी आणि त्यांना मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित यांनी मत्तयचं शुभवर्तमान १८०५ मध्ये छापलं. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मग स्वतंत्रपणे काम हाती घेतलं. नवा करार १८२६ मध्ये आला, संपूर्ण बायबल १८४७ मध्ये.

आणि मग पंडिता रमाबाई. त्यांच्यापाशी मला थांबावंच लागतं. वडिलांकडून संस्कृत शिकलेल्या, भागवत मुखोद्गत असलेल्या, कोलकात्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या या बाईंना चालू मराठी बायबल अवघड वाटलं. स्वतःसाठी नव्हे, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या, दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या खेडवळ बायकांसाठी. त्यातलं संस्कृतप्रचुर मराठी त्यांना कळेना. तेव्हा रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मुळातून सोप्या मराठीत आणायला बसल्या. जवळपास अठरा वर्षं! ज्या भाषेने त्यांना नाव दिलं, तिचेच जड शब्द त्या एकेक करून बाजूला ठेवत होत्या. मजकुराचे खिळे जुळवायला मिशनमधल्याच बायका होत्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. एका बाईने एकटीने सबंध बायबल मुळातून भाषांतरित करणं जगातही विरळाच, आणि आपल्याकडे ते पुणे-दौंड लोहमार्गावरच्या एका गावात घडलं.

ही ओळ थांबलेली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत आणलं. हेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यात, धाराशिवला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. चर्चमध्ये सर्रास दिसतं ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं 'पवित्र शास्त्र'. शिवाय मोबाइलवर दोन-तीन भाषांतरं शेजारी शेजारी उघडता येतात. तिसऱ्या शतकात ओरिजेनला हीच सोय करायला सहा रकान्यांचा अजस्र ग्रंथ हाताने लिहून घ्यावा लागला होता, हे आठवलं की त्या फोनकडे बघायची नजरच बदलते.

मग घ्यायचं कोणतं? आधी अनुक्रमणिका बघा. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात, कॅथलिकांच्या बायबलात ७३. आपली मंडळी कुठली वाचते ते ठाऊक असलेलं बरं. भाषांतर एक शब्दाला धरून चालणारं आणि एक अर्थाला धरून चालणारं, अशी जोडी ठेवा. जिथे दोघांत फाटतं, तिथेच मुळात काहीतरी अवघड किंवा मोलाचं दडलेलं असतं. हातात पेन्सिल हवी ती तिथे.

आणि टिपा? त्यांची ताकद ओळखून राहा. १५६० च्या जिनिव्हा बायबलात समास टिपांनी भरलेले होते. 'निर्गम'च्या पहिल्या अध्यायात सुइणी फारोची आज्ञा मोडून हिब्रू बाळांना जगवतात, तिथे टीप होती की त्यांनी आज्ञा मोडली ते योग्यच केलं. राजाची आज्ञा मोडणं योग्य? १६०४ च्या धर्मपरिषदेत इंग्लंडच्या जेम्स राजाने याच टिपेवर बोट ठेवलं. त्याने नवं भाषांतर करवून घेतलं आणि अट घातली: शब्दार्थ सांगण्यापलीकडे समासात काही नको. तेच १६११ चं विख्यात इंग्रजी बायबल. एका तळटिपेने राजाची झोप उडवली! म्हणून स्टडी बायबल घेताना टिपा कुणी लिहिल्या, कुठल्या पंथाच्या आहेत, हे प्रस्तावनेत आधी वाचा. रेघेच्या वरचा मजकूर यशयाचा आणि लूकचा, रेघेखालचा आपल्यासारख्याच कुणा माणसाचा.

दुकानात उभ्या उभ्या करायची एक परीक्षा सांगतो. शेवटचं पुस्तक 'प्रकटीकरण', शेवटचा अध्याय बावीस, वचन एकोणीस. या पुस्तकातलं काही कमी करू नका, अशी सक्त ताकीद तिथे आहे. योगायोग असा की इरॅस्मसला 'प्रकटीकरणा'चं एकच ग्रीक हस्तलिखित मिळालं होतं आणि त्याचं शेवटचं पान, ताकीद असलेलं तेच पान, फाटून गेलेलं होतं. त्याने तेवढा भाग लॅटिनमधून उलटा ग्रीकमध्ये केला. ग्रीक प्रतींत, काही कमी करणाऱ्याचा जीवनाच्या 'झाडा'तला वाटा जातो. इरॅस्मसच्या छापील ग्रीकमध्ये तो जीवनाच्या 'पुस्तका'तून जातो, कारण लॅटिनमध्ये झाडासाठी 'लिग्नो' आणि पुस्तकासाठी 'लिब्रो', आणि कुणा लॅटिन नकलकाराची नजर घसरलेली. तुमच्या हातातल्या प्रतीत काय आहे, झाड की पुस्तक? तळटिपेत दुसऱ्याचाही उल्लेख असेल, तर ती प्रत घेऊन टाका.