रंगकामाआधी संगणकाचा पडदा सांभाळा!

दसरा-दिवाळी जवळ आली, की शहरांतील घराघरांत रंगकामाची लगबग सुरू होते. कपाटे रिकामी होतात, पलंग खोलीच्या मध्यभागी ओढले जातात आणि रंगारी दारात येऊन उभा राहिल्यावर आठवण होते ती टेबलावरच्या संगणकाची. घाईघाईने वायरी ओढून मॉनिटर गादीवर आडवा टाकला जातो. त्यावर कुणीतरी उशांचा ढीग रचतो. चार दिवसांनी संगणक सुरू करावा, तर पडद्यावर उभी रेघ किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसतो. दोष रंगाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात नुकसान झालेले असते ते पडदा उतरवताना आणि ठेवताना.

याचे कारण पडद्याच्या रचनेत आहे. सपाट एलसीडी पडद्यात काचेच्या दोन पातळ थरांमध्ये द्रवस्फटिकांचा अतिसूक्ष्म थर असतो. समोरून पडलेला थोडा जास्त दाबही त्यास पुरेसा ठरतो. तडकलेला पॅनल दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो आणि त्याचा खर्च अनेकदा नव्या मॉनिटरच्या जवळपास जातो. शिवाय, अशी मोडतोड सहसा वॉरंटीत बसत नाही.

उतरवताना

प्रथम संगणक रीतसर बंद करावा, भिंतीवरील बटण बंद करावे आणि मगच प्लग काढावा. वायरी काढण्यापूर्वी मागील बाजूचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. जोडणी करताना तेच उपयोगी पडते. व्हीजीए आणि डीव्हीआय वायरींना दोन्ही बाजूंस स्क्रू असतात, ते पूर्ण सैल करावेत. डिस्प्ले पोर्टच्या वायरीला बहुधा खटका असतो. तो दाबल्याशिवाय वायर ओढल्यास सॉकेटच उखडण्याची भीती असते.

मॉनिटर नेहमी दोन्ही हातांनी, खालची आणि बाजूची चौकट धरून उचलावा. पडद्यावर बोटे टेकवू नयेत. स्टँड काढायचा असल्यास टेबलावर जाड, मऊ चादर अंथरावी, तिच्याखाली पेन, स्क्रू वगैरे काही राहिलेले नाही हे पाहावे आणि पडदा त्यावर अलगद पालथा ठेवावा.

भिंतीवर बसवलेला पडदा उतरवताना दोघेजण हवेत. एकाने पडदा धरावा, दुसऱ्याने स्क्रू काढावेत. स्प्रिंगच्या हातावर बसवलेला पडदा असेल, तर तो हात आधी सर्वांत वरच्या स्थितीत न्यावा. अन्यथा वजन सुटताच तो झटक्याने वर उसळतो.

ठेवताना

मूळ खोके आणि थर्मोकोल जपून ठेवले असतील, तर उत्तमच. नसल्यास पडदा सुती चादरीत गुंडाळून, त्यावर प्लास्टिक घालून, काम नसलेल्या खोलीत उभा ठेवावा. पुट्टी घासताना उडणारी पांढरी भुकटी मॉनिटरच्या मागील झरोक्यांतून आत शिरते. मात्र, सुरू असलेला मॉनिटर कधीही झाकू नये.

काही घरांत मागे फुगीर असलेला जुना मॉनिटर अजूनही आहे. त्याचे वजन काचेच्या बाजूला अधिक असते, त्यामुळे काच छातीकडे ठेवून तो उचलावा. त्याचे आवरण तर मुळीच उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील नळीत हजारो व्होल्टचा विद्युतभार शिल्लक असू शकतो.

पुन्हा बसवताना

रंग सुकला, तरी भिंतीतील ओल सुकली आहे का, हे आधी पाहावे. ओलसर सॉकेटमध्ये प्लग घालू नये. नवे सॉकेट बसवले असल्यास अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. भिंतीवरील पट्टीसाठी मॉनिटरच्या पाठीवर बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार छिद्रे असतात. तेथे मूळचेच स्क्रू वापरावेत. लांब स्क्रू आत घुसून पॅनलला इजा करू शकतो.

धूळ प्रथम मऊ कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, दाब न देता टिपावी. डाग असल्यास कापड पाण्याने किंचित ओलसर करावे. पडद्यावर थेट फवारा मारू नये. खिडकीच्या काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण तर वर्ज्यच समजावे.

सर्व जोडल्यावरही पडदा काळाच राहिला, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास वायर त्यालाच जोडली आहे ना, हे छायाचित्राशी ताडून पाहावे. मॉनिटरवर योग्य ‘इनपुट’ निवडले आहे का, हेही तपासावे. एवढे करूनही चित्र न उमटल्यास मात्र तंत्रज्ञाला बोलवावे.

या साऱ्याला फार तर अर्धा तास लागतो. रंगारी येण्याच्या आदल्या संध्याकाळीच तो काढला, तर सणाच्या तोंडावर नव्या मॉनिटरचा भुर्दंड टळू शकतो.