कंपनीगणिक वेगळे शुल्क

ब्रसेल्स : २०२४ साली अमेरिकेने चिनी इलेक्ट्रिक मोटारींवर सरसकट शंभर टक्के शुल्क बसवले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरपासून युरोपीय संघाचेही जादा शुल्क सुरू झाले, पण ते प्रत्येक कंपनीला वेगळे आहे. बीवायडीला १७ टक्के, जीलीला १८.८, शांघायमध्ये बनणाऱ्या टेस्लाला ७.८ आणि एमजीमुळे आपल्याकडेही माहीत झालेल्या साइकला ३५.३. नेहमीचे दहा टक्के आयात शुल्क त्याखेरीज.

हे दर ठरले वर्षभराच्या चौकशीतून. सरकारी बँकांची स्वस्त कर्जे, कमी भावात जमीन, स्वस्त बॅटऱ्या यांपैकी कोणाला काय आणि किती मिळाले, याचा हिशेब युरोपीय आयोगाने मांडला. माल स्वस्त आहे एवढ्यावरून इथे शुल्क लावता येत नाही. अनुदानाचा पुरावा लागतो, त्यामुळे इथल्या उद्योगाचे नुकसान होते किंवा होण्याचा धोका आहे हे दाखवावे लागते, आणि शुल्क एकूण संघाच्या हिताविरुद्ध जात नाही ना, हेही तपासावे लागते. त्या हितात गिऱ्हाईकही येते. ही शेवटची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण महाग झालेल्या गाडीचे पैसे इथल्या पगारदार माणसालाच मोजावे लागतात.

मतदानात सदस्य देश फुटले : १० बाजूने, ५ विरुद्ध, १२ तटस्थ. जर्मनी विरोधात गेली. तिच्या मोटार कंपन्यांचा मोठा धंदा चीनमध्ये आहे. फ्रान्स बाजूने होता. चारच दिवसांत चीनने युरोपीय ब्रँडीविरुद्ध तात्पुरते उपाय जाहीर केले आणि झळ बसली ती मुख्यतः फ्रान्सच्या कोन्याक उत्पादकांना.

दुसऱ्याच्या अनुदानावर बोट ठेवण्याचा अधिकार युरोपला मिळतो तो घरच्या शिस्तीमुळे, असे माझे मत आहे. इथल्या सरकारांनाही आपल्या कंपन्यांना मोठी मदत देण्याआधी आयोगाची परवानगी घ्यावी लागते. २०१९ मध्ये सीमेन्स आणि अल्स्टॉम यांना आपले रेल्वे व्यवसाय एकत्र करायचे होते. चिनी स्पर्धेला तोंड देण्यासाठी ते हवेच, असा आग्रह पॅरिस आणि बर्लिनने धरला. स्पर्धा आयुक्त मार्गारेट वेस्टेयर यांनी नकार दिला. सिग्नल यंत्रणा आणि अतिवेगवान गाड्यांच्या बाजारात स्पर्धा घटेल, भाव वाढतील, हे त्यांचे कारण.

मोटारींवरचे शुल्क पाच वर्षांसाठी आहे. किमान किमतीची हमी देऊन आयोगाची मंजुरी मिळवणाऱ्या कंपनीला त्यातून आधीही सुटता येते.