वजन उतरले, मनाचे काय?

इंदापूर तालुक्यातील शेळगाव घ्या, नाही तर पुण्यातील एखादी पेठ घ्या. लठ्ठ बाईला तिच्या अंगावरून बोलण्याचा परवाना जणू साऱ्यांनाच मिळालेला असतो. मुलगी पाहायला आले की टोमणा, हळदीकुंकवाला टोमणा, एस.टी.त बसताना टोमणा! अशी बाई वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेकडे वळते तेव्हा मधुमेह, गुडघेदुखी ही कारणे खरीच असतात. पण त्यांच्या पाठीशी हा अपमानही उभा असतो.

या शस्त्रक्रियेच्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद पिशवी उरते. भूक मंदावते, चार घासांत पोट भरते. वर्ष-दीड वर्षात वजन झपाट्याने उतरते. बाई दम न लागता जिना चढते, फोटोला पुढे उभी राहते. तिला स्वतःविषयी बरे वाटू लागते, यात शंका नाही.

पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले, की जीवनातील समाधान पहिल्या वर्षी सर्वांत वर जाते, सहाव्या वर्षापर्यंत काहीसे ओसरते आणि मग स्थिरावते. उतरलेले वजन ज्यांनी टिकवले, त्यांचा लाभही अधिक टिकला.

हे ओसरणे का? कातडी सैल पडते. आरशात पुष्कळ दिवस जुनीच मूर्ती दिसते. दुःखात खाण्याचा जो आधार होता, तोही जातो. वजन थोडे परत वाढले, की बाई स्वतःलाच दोष देते. शिवाय, ‘अगं, किती छान दिसतेस!’ हे कौतुकही बोचते. ‘मग काल मी माणूस नव्हते का?’ हा प्रश्न ती कोणाला विचारणार?

श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली, त्याची उघड चर्चा झाली. बाई मात्र पुष्कळदा ‘पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन’ म्हणून वेळ मारून नेते.

म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही काही वर्षे, मनाची तपासणी आहाराइतकीच आवश्यक समजावी. खेड्यातून शहर गाठणे जमत नसेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मन मोकळे करता येते. आणि घरच्यांनी एवढेच करावे: तिचा मान तिच्या वजनावर तोलू नये. चाकू जठर लहान करतो. मनात बसलेला कमीपणा काढणे त्याच्या हातचे नाही.