‘दमा’ हा शब्द आणि रोग्याचे वय

जालना, अंबड, भोकरदन या भागांत ‘दमा’ असा नुसता शब्द उच्चारला, तरी ऐकणाऱ्यापुढे सामान्यतः वृद्ध माणसाची मूर्ती उभी राहते. कोवळ्या मुलाविषयी तोच शब्द योजण्यास घरची माणसे कचरतात. ‘सर्दी छातीत उतरली’, ‘बाळाचे पोट उडते’ असे म्हणून वेळ निभावली जाते. उलटपक्षी सत्तरीच्या गृहस्थाला लागणारी प्रत्येक धाप, मग ती हृदयविकाराची असो वा विडीने झिजलेल्या फुप्फुसांची, ‘दमा’ याच नावाखाली जमा होते. फारसी ‘दम’ म्हणजे श्वास. त्यावरून आलेल्या या शब्दाचा असा वयसापेक्ष विनियोग केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. कारण कोणत्या वयात किती धोका, ही लोकांची समजूत त्यातूनच घडते आणि ती दोन्ही टोकांना चुकते.

वास्तविक दम्याचा आरंभ बहुधा बालपणीच होतो, आणि झटका येऊन रुग्णालयात न्यावे लागण्याचा प्रसंगही लहान मुलांवर अधिक येतो. याचे एक कारण निव्वळ भौतिक आहे. नलिकेतून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध सोळापट होतो. मुळातच अरुंद असलेल्या बालकाच्या श्वासनलिकेत किंचित सूज व थोडा कफही म्हणूनच भारी पडतो. त्यात साध्या सर्दीचे विषाणू हेच या वयातील झटक्यांचे प्रमुख निमित्त. तेव्हा ‘सर्दीच आहे’ हे आईचे म्हणणे खोटे नसते, अपुरे असते.

‘वयात आले की दमा जातो’ या उक्तीचीही तीच गत. अमेरिकेतील टक्सन येथे 1980 साली सुरू झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षापूर्वी ज्यांच्या छातीत शिटीसारखा आवाज येत असे, त्यांपैकी सुमारे तीनपंचमांश मुलांचा तो आवाज सहाव्या वर्षापर्यंत थांबला होता. उरलेल्यांचा थांबला नव्हता. उक्ती पहिल्यांना पाहून बनली आणि दुसऱ्यांनाही लागू केली गेली. शिवाय बालपणी मुलग्यांत अधिक आढळणारा हा रोग यौवनानंतर स्त्रियांत अधिक आढळतो. आणि ज्या वयात तो ‘गेला’ असे समजून ‘पंप’ फडताळात पडतो, त्याच वयात औषध टाळल्यामुळे येणारे झटके वाढतात.

वार्धक्याचे गणित वेगळे आहे. येथे झटक्यांच्या संख्येपेक्षा त्यांची मारकता महत्त्वाची. दम्याने होणारे मृत्यू उतारवयात अधिक आहेत. श्वास कोंडत असल्याची जाणीवच वयाबरोबर बोथट होते, बोटांतील जोर ओसरल्याने पंप नीट ओढता येत नाही, आणि रक्तदाबाच्या वा हृदयाच्या काही गोळ्या श्वासनलिका आकुंचित करतात. ‘म्हातारपणाची धाप’ या शब्दप्रयोगाने हे सारे नैसर्गिक ठरते व उपचार लांबतो.

शब्दांची ही अडचण संशोधकांनाही चुकलेली नाही. 1991 मध्ये आरंभलेल्या ‘आयझॅक’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत सहा-सात वर्षांच्या मुलांविषयी पालकांनी उत्तरे दिली, तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी स्वतः. इंग्रजीतील ‘व्हीझ’ या शब्दाला अनेक भाषांत नेमका प्रतिशब्द नाही (आपली ‘घरघर’ कफाची, ‘धाप’ श्रमाची), म्हणून मोठ्या मुलांसाठी दम्याची दृश्ये दाखविणारी चित्रफीतही योजली गेली. भाषाशास्त्राला दिलेला हा मूक कौलच म्हणावयाचा! भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दम्याचे प्रमाण 2.05 टक्के आढळले. परंतु तो आकडा पंधरा वर्षांवरील व्यक्तींचा आहे, हे तो उद्धृत करताना बहुधा सांगितले जात नाही.

आपल्या भागात प्रश्नावली रचावयाची झाल्यास ‘दमा आहे काय?’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. आईस विचारावे, की बाळ रात्री खोकून उठते काय, दूध पिताना थांबते काय. सरकीच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्यास विचारावे, की सुटीच्या दिवशी छाती मोकळी वाटते काय. आणि वृद्धास, की गेल्या वर्षी जेवढे चालत होता तेवढे यंदा का चालत नाही.