बिनपगारी, फुल अधिकारी!

पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या चालीनं केलेली टिकाऊ शेती. हा शब्द ऑस्ट्रेलियाचा. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर वन’ या पुस्तकातून तो जगापुढे आणला. पुढे मॉलिसन आपली कल्पना समजावून सांगायचे, ती चक्क कोंबडीवरून! तिला काय लागतं, ती काय देते, तिचा स्वभाव काय, एवढं मांडलं की परसातली अर्धी कामं आपोआप तिच्या वाट्याला जातात. कशी, ते बघा.

पायात नांगर. भाजी निघालेल्या वाफ्यावर बिनतळाचा पिंजरा ठेवा आणि कोंबड्या आत सोडा. तण, किडे, हुमणीच्या अळ्या फस्त. वर खत फुकट. मग पिंजरा पुढच्या वाफ्यावर. याचं नाव ‘चिकन ट्रॅक्टर’. डिझेलचा खर्च शून्य!

तण आणि मेथी एकच. बाईसाहेबांना दोन्हींतला फरक कळत नाही. गांडुळालाही माफी नाही. कोवळ्या रोपांना जाळी हवीच.

मिरची? आण की! मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. तेव्हा ‘तिखट आहे, कोण खातंय’ म्हणून मिरचीची रोपं उघडी टाकू नका.

मूत्राशय नाही. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. नत्र इतकं, की ताजं खत रोपं जाळतं. वाळका पाला, भुसा मिसळून आधी चांगलं कुजवा.

दात नाहीत, जातं आहे. गिळलेले खडे पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत दाणे दळतात. खुराड्याजवळ बारीक खडी ठेवा.

धुळीची अंघोळ. पिसांतल्या उवांवर तिचा हा घरगुती इलाज. कोरड्या मातीचा एक कोपरा राखून ठेवा, नाहीतर ती तुमचा कोथिंबिरीचा वाफा निवडेल.

टरफलाचा परतीचा प्रवास. अंड्याचं कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. भाजून, चुरून तिलाच खाऊ घाला; पुढच्या अंड्याचं कवच त्यातूनच बनेल.

कोंबडा झाकला तरी... अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. आणि तो आरवतो अंगातल्या घड्याळावर. जपानमधल्या नागोया विद्यापीठात २०१३ साली कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं, तरी पहाटेच्या सुमाराला आरवणं चालूच! झाकलेला कोंबडाही वेळ चुकवत नाही.

सह्याद्रीची सोयरीक. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण तिच्या पिवळ्या पायांचा जनुक आला आपल्या घाटातल्या राखी रानकोंबड्याकडून.

मोह झालाच, तर दोन-तीन आणा. एकटी कोंबडी झुरते. ॲव्होकाडो आणि बटाट्याची हिरवट सालं तिच्यापासून लांब ठेवा. आणि दिवेलागणीला खुराड्याची कडी विसरू नका. तुम्ही विसरलात, तरी रानमांजर विसरत नाही.