मरणे, मारणे आणि मारविणे : मुष्टियुद्धाचे जग आणि रहस्यकथेची मर्यादा

रहस्यकथेचा सारा डोलारा एका प्रश्नावर उभा असतो : खून कोणी केला? प्रेत दृष्टीस पडते, पण प्रहार कोणी पाहिलेला नसतो. दिसलेल्या कार्यावरून न दिसलेल्या कारणाकडे जाण्याचा जो अनुमानव्यापार, तोच ह्या वाङ्मयप्रकाराचा प्राण होय. नैयायिकांच्या भाषेत बोलायचे तर धुरावरून अग्नीकडे नेणारी ही वाट आहे. परंतु मुष्टियुद्धाच्या रिंगणात एखादा योद्धा प्राणास मुकतो तेव्हा प्रहार करणारा हात हजारो प्रेक्षकांनी पाहिलेला असतो. पंच जवळ उभा असतो, वार्ताहर टिपणे घेत असतात, आणि कायदा त्या प्रहारास गुन्हा मानीत नाही. अग्नी प्रथमपासूनच समोर आहे. मग हेराने शोधावयाचे ते काय?

हा प्रश्न केवळ चमत्कृतीचा नाही. एका लोकप्रिय वाङ्मयप्रकाराचे नैतिक सामर्थ्य कोठवर पोचते, ह्याची कसोटी त्यात आहे.

आर्थर कॉनन डॉईल ह्यास मुष्टियुद्धाचे प्रेम होते. त्याचा शेरलॉक होम्स स्वतः कसलेला मुष्टियोद्धा आहे. ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) ह्या कादंबरीत मॅकमर्डो नावाचा जुना व्यावसायिक योद्धा त्यास पूर्वीच्या एका लढतीवरून ओळखतो. ‘द ग्लोरिया स्कॉट’ ह्या कथेत म्हाताऱ्या ट्रेव्हरच्या चपट्या, जाड झालेल्या कानांवरून होम्स त्याच्या तरुणपणीच्या मुष्टियुद्धाचे अनुमान करतो. तथापि १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॉडनी स्टोन’ ह्या कादंबरीत मुष्टियुद्ध आणि गूढ मृत्यू एकत्र आले, तेव्हा डॉईलने एक अर्थपूर्ण विभागणी केली. मृत्यू घडतो तो उमरावांच्या वाड्यात, पत्त्यांच्या डावाच्या रात्री. रिंगण मात्र शौर्याचे आणि सचोटीचे स्थान म्हणून उरते. ज्या जगात नियम आहेत तेथे पाप नाही, आणि पाप आहे ते नियमांबाहेरच्या अंधारात, अशी ही श्रद्धा आहे. अभिजात रहस्यकथा ह्याच श्रद्धेवर जगते.

ती श्रद्धा अमेरिकन लेखकांनी मोडली. डॅशिएल हॅमेटच्या ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) मधील एक प्रसंग ह्या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. एका भ्रष्ट शहरात मुष्टियुद्धाचा निकाल आधीच ठरलेला असतो; आइक बुश नावाच्या योद्ध्याने हरावयाचे असते. कादंबरीचा निवेदक, जो स्वतः डिटेक्टिव आहे आणि ज्यास लेखकाने नावही दिलेले नाही, बुशचे पूर्वायुष्य ओळखतो व ते उघड करण्याची भीती घालून त्यास जिंकावयास भाग पाडतो. बुश जिंकतो, आणि विजयाच्या त्याच क्षणी वरून आलेली सुरी त्याच्या मानेत रुतते. सुरी कोणी फेकली, ह्या प्रश्नास येथे दुय्यम स्थान आहे. त्या मृत्यूच्या कारणपरंपरेत हेराचा स्वतःचा हात आहे, हे वाचकास खरे बोचते. सत्य शोधणारा आणि अनर्थ घडविणारा ह्यांतील अंतरच हॅमेटने पुसून टाकले आहे.

ह्यापुढचे पाऊल बड शुल्बर्गच्या ‘द हार्डर दे फॉल’ (१९४७) ह्या कादंबरीने टाकले. तिच्यामागे प्रत्यक्ष घटना होती. १९३३ च्या फेब्रुवारीत प्रिमो कार्नेराबरोबरच्या लढतीत अर्नी शाफ कोसळला आणि काही दिवसांतच मरण पावला. दोष कार्नेराच्या माथी आला. परंतु त्यापूर्वी, १९३२ च्या ऑगस्टमध्ये, मॅक्स बेअरने शाफला जबर मार दिला होता, आणि खरी इजा तेव्हाचीच असे अनेकांचे मत पडले. १९५६ साली ह्या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यात अशाच मृत्यूचे श्रेय दुसऱ्याला मिळते म्हणून चिडलेल्या, ते मरण आपल्याच ठोशांचे फळ आहे असे सांगणाऱ्या योद्ध्याची भूमिका कोणी केली? खुद्द मॅक्स बेअरने. रहस्यकथेत आरोपी गुन्हा नाकारतो. येथे तो त्याची फुशारकी मारतो, कारण त्या फुशारकीवर पुढच्या लढतीची तिकिटे खपतात. आणि सत्य कोणास ठाऊक असते? हम्फ्री बोगार्टने रंगविलेल्या एडी विलिसला. तो हेर नव्हे. पैशासाठी प्रसिद्धीचे काम पत्करलेला क्रीडावार्ताहर आहे, म्हणजे अपराधातील भागीदारच आहे. अखेरीस तो लिहावयास बसतो. पोलिसाने करावयाचा उलगडा कबुलीजबाबाच्या रूपाने लेखणीतून उतरू लागतो.

१९६३ सालच्या मार्च महिन्यात लॉस एंजेलिस येथे शुगर रामोसशी लढल्यानंतर डेव्ही मूर पत्रकारांशी बोलला, मग बेशुद्ध झाला व २५ मार्च रोजी मरण पावला. पडताना त्याची मान खालच्या दोरावर आपटली होती. त्याच वर्षी बॉब डिलनने रचलेल्या ‘हू किल्ड डेव्ही मूर?’ ह्या गीतात पंच, प्रेक्षक, व्यवस्थापक, जुगारी, वार्ताहर आणि प्रतिस्पर्धी हे एकामागून एक पुढे येऊन आपले अंग काढून घेतात. रचनेच्या दृष्टीने ही रहस्यकथेतील संशयितांची उलटतपासणीच होय. फरक एवढाच, की तेथे शेवटचा उलगडा नाही. प्रत्येकाची सबब खरी आहे, आणि तरीही माणूस मेला आहे.

मराठी व्याकरणाने हा भेद सोप्या रीतीने दाखविता येतो. ‘मरणे’ ह्या क्रियेला मारणारा लागत नाही; वैद्यकीय दाखला तेथेच थांबतो. ‘मारणे’ ह्या क्रियेला कर्ता लागतो. अभिजात रहस्यकथा तो शोधून देते आणि कृतार्थ होते. ‘मारविणे’ हे प्रयोजक रूप मात्र कर्त्यामागच्या करवित्याची पृच्छा करते, आणि मुष्टियुद्धाच्या जगात करविता एकच नसतो. १९६० साली अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे जेक लामोटा ह्याने १९४७ मधील बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण जाणूनबुजून हरलो, अशी साक्ष दिली, तेव्हा ह्या करवित्यांची साखळी थोडीफार उजेडात आली. तीत सट्टेवाले होते, गुंड होते, आणि विजेतेपदाच्या लढतीची आशा धरून बसलेला स्वतः योद्धाही होता.

ह्या साखळीचे शेवटचे टोक प्रेक्षकाच्या हाती असते. तिकीट त्याने घेतलेले असते. ‘आणखी मार’ ही आरोळी त्याची असते. रहस्यकथेचा वाचक हेराच्या खांद्यावरून पाहतो व निर्दोष राहतो. हा त्या वाङ्मयप्रकाराने त्यास दिलेला मोठा दिलासा आहे. मुष्टियुद्धाचे जग कथेत शिरले की तो दिलासा टिकत नाही, कारण वाचकाची उत्कंठा आणि प्रेक्षकाची उत्कंठा ह्यांची जात एकच आहे. रहस्यकथेला हलके वाङ्मय म्हणून बाजूस सारणाऱ्या समीक्षकाने आणि तिचे कौतुक करणाऱ्या रसिकाने, दोघांनीही, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ह्या कथेला गुन्हेगार सापडत नाही तेव्हा तिची रचना फसली असे म्हणण्याची घाई करू नये. संशयितांच्या रांगेत कथेने आपल्यालाही उभे केले आहे काय, हे आधी पाहावे.