निमित्ताशिवाय विसावा

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती बोलावली होती आणि सुमारे दहा हजार कामगार जमले होते. आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी मिळावी, ही त्यांची मागणी होती. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. ज्या काळात घरंदाज बाईने चारचौघांत आवाज चढवणंही गैर मानलं जाई, त्या काळात या दोघींनी हजारो पुरुषांसमोर विश्रांती मागितली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला 11 तासांची मर्यादा घातली आणि मध्ये दीड तासाची विश्रांती ठरवून दिली.

रविवार मिळाला, पण तो गिरणीतून मिळाला. चाळीतल्या खोलीत पाणी भरायचं होतं, धुणं होतं, चूल होती. ज्या बायका गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवत, त्यांच्याकडे रविवारीही जेवणारी माणसं यायचीच. कायद्याने मोजलेले तास भोंग्यापाशी सुरू होत आणि भोंग्यापाशीच संपत. त्यापलीकडचं काम कुणी मोजलं नाही. त्यामुळे त्यापलीकडची विश्रांतीही कुणी दिली नाही.

म्हणूनच महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या फुरसतीचा इतिहास शोधायचा, तर सुट्ट्यांच्या यादीत तो सापडत नाही. बाईला नुसतं बसायची सोय नव्हती. तिच्या बसण्याला काहीतरी निमित्त लागे: दळण, व्रत, वाळवण, हळदीकुंकू, पुढे शिकवणीचा वर्ग आणि समाजकार्य. त्या त्या निमित्ताच्या आडून बायकांनी आपल्यासाठी वेळ काढला.

पहाटेचं जातं

यातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत कष्टाचं निमित्त म्हणजे जातं. ज्वारी-बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही. बाजरीचं तर लवकर कडू होतं. त्यामुळे महिनाभराचं दळण एकदम उरकणं शक्य नव्हतं. रोज नाही तर एक-दोन दिवसांआड पहाटेच्या अंधारात जात्यावर बसावंच लागे. खालची पाळी स्थिर, वरची फिरती, मधे मेख आणि हातात खुंटा. एक पाय लांब सोडून बाई बसते, एका हाताने खुंटा ओढते आणि दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण घालते. जोडीला जाऊ किंवा नणंद असली, तर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. पीठ पाळीच्या कडेने झिरपत राहतं. पाळी गुळगुळीत झाली, दाणे भरडच पडू लागले, की पाथरवटाकडून जातं टाकवून घ्यायचं.

या कामाला ओवीची साथ होती. घरातले पुरुष झोपलेले, सासू अंथरुणात, आणि जात्याची घरघर एवढी की शब्द फार लांब जात नसत. दिवसभर तोंडातून निघू न शकलेलं सगळं इथे निघे. माहेरची वाट, भाऊ, लेकरं, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीचा विठ्ठल, हे सारं ओवीत आलं. एकीने ओवी सोडली की दुसरीने पुढची जोडायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांचं हे साहित्य होतं आणि ते ऐकायलाही त्याच होत्या.

साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’मध्ये छापल्या. पुढे पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मदतीने हे काम अनेक वर्षं नेटाने चालवलं. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमवल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही आहेत. जात्याशी बसलेली बाई जगापासून तुटलेली नव्हती, हे त्या ओव्यांवरून कळतं. चळवळीची बातमी तिच्यापर्यंत पोचत होती आणि ती आपल्या शब्दांत पुढे जात होती.

मग गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. डबा नेऊन ठेवला की पीठ तयार. मनगटं आणि पाठ सुटली, हे फार मोठं सुख होतं आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत. जात्याच्या आठवणीने हळहळणाऱ्यांनी ते स्वतः ओढलेलं नसतं. पण कष्टासोबत एक जागाही गेली. पहाटेचा जो तास बाईचा स्वतःचा होता, तो तिला परत मिळाला नाही. तो झाडलोट, डबे, शाळेची तयारी अशा दुसऱ्या कामांत विरून गेला. जातं आता लग्नात हळद दळण्यापुरतं बाहेर निघतं. त्याला सुपारी-हळकुंड बांधतात, सवाष्णी हात लावतात आणि एखाद-दुसरी ओवी म्हणून घेतात.

व्रतातलं खेळणं

श्रावणातली मंगळागौर हे दुसरं निमित्त. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी पूजा करायची आणि रात्री जागायचं. फुगड्या, झिम्मा, पिंगा, किस बाई किस, अळुंकी साळुंकी, गाठोडं, कोंबडा, असे खेळ पहाटेपर्यंत चालत. ही प्रथा मुख्यतः ब्राह्मण आणि इतर पांढरपेशा घरांतली. तिचा खरा अर्थ कळायला नवरीचं वय पाहावं लागतं. महादेव गोविंद रानड्यांशी 1873 साली लग्न झालं, तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. मुलींच्या विवाहाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा झाला 1929 साली. म्हणजे मंगळागौरीला खेळणाऱ्या कित्येक नवऱ्या खेळायच्याच वयाच्या होत्या. दिवसभर पदर सावरत वावरणाऱ्या मुलीला वर्षातून काही रात्री दमेपर्यंत नाचायची मुभा मिळे, आणि ती देवीच्या नावाने मिळे.

आश्विनातला भोंडला किंवा हादगा, विदर्भ-खानदेशातली भुलाबाई, हेही त्याच जातीचे सण. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, सासरच्या माणसांची गाण्यातून यथेच्छ थट्टा करायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. जे स्वयंपाकघरात बोललं तर महाभारत होईल, ते फेरात खपून जाई.

पण या निमित्तांना दार होतं आणि दाराशी पहारा होता. मंगळागौर सवाष्णीची, हळदीकुंकू सवाष्णीचं. त्याच घरातली विधवा फराळाचं सगळं रांधायची आणि खेळ सुरू झाले की आत बसायची. कोणत्या जातीची बाई कुणाच्या ओटीवर बसेल, हेही ठरलेलं होतं. म्हणून जानेवारी 1852 मधला पुण्यातला एक समारंभ मला फार मोलाचा वाटतो. सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाला बायकांना बोलावलं आणि कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी सर्वांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, असं निमंत्रणातच कळवलं. सण जुनाच होता. सावित्रीबाईंनी त्याचं दार उघडलं.

दिव्याखालचं पुस्तक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाचन हे नवं निमित्त आलं, आणि घरात सर्वांत मोठं भांडण त्यावरूनच झालं. दळताना गायलं तर दळण होतं, व्रतात खेळलं तर पुण्य मिळतं. पुस्तक घेऊन बसलेल्या बाईच्या हातून मात्र घरच्यांना दिसेल असं काहीच होत नाही. रमाबाई रानडे दिवसभर घरकाम करून रात्री नवऱ्याकडे शिकत. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला आणि बायकांच्या सभा सुरू झाल्या. तिथे जाण्यावरून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी रमाबाई रानड्यांना किती ऐकवलं, हे त्यांनी 1910 साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये लिहून ठेवलं आहे. त्या वडीलधाऱ्या बायकांना केवळ दुष्ट ठरवून चालणार नाही. त्यांचं सगळं आयुष्य निमित्ताच्या हिशेबात गेलं होतं. सून निमित्ताशिवाय बसते, हे त्यांना पेलवणारं नव्हतं.

त्यानंतर वाचनालाही उपयोगाचं वेष्टण चढलं. 1909 साली पुण्यात सेवासदन निघालं, शिवण आणि शुश्रूषेचे वर्ग भरू लागले. त्याच वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला आणि फराळाच्या ताटाशेजारी घरोघर कथा-कविता येऊन बसल्या. 1930 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. पाककृती आणि विणकामाच्या सोबतीने घटस्फोट, वारसाहक्क, संततिनियमन हे विषय मराठी घरांत शिरले. पुढे आकाशवाणीच्या ‘वनिता मंडळा’ने दुपार व्यापली. हात गव्हात आणि कान रेडिओकडे, असे दोन पिढ्यांचे दिवस गेले.

आजचा हिशेब

5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल लोकल धावली. मुंबईच्या नोकरदार बायकांनी महिलांच्या डब्यांत आपलं अंगणच वसवलं. तिथे भजनं होतात, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणं होतात आणि गप्पा मारता मारता रात्रीची भाजीही निवडली जाते. हसत्या-गात्या डब्यातही हात रिकामे नाहीत, हे नजरेआड करू नये.

केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देताना दिसल्या, तर घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. 2024 च्या पाहणीत हेच आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटं कमी केली. मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन घराघरांत पोचूनही दोन आकड्यांतलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं. यंत्राने काम हलकं होतं, पण ते कोणाचं हे यंत्र ठरवत नाही.

घराबाहेरही वेगळं नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून 2011 साली पुस्तक लिहिलं. रस्त्यावरच्या बाईला आपण कामानेच बाहेर पडलो आहोत, असं सतत दाखवावं लागतं, हे त्यांनी त्यात मांडलं. पुरुष नाक्यावर तासभर उभा राहतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. बाईच्या खांद्याला पिशवी, कानाला फोन किंवा हाताशी मूल तरी लागतं.

बायकांनी मिळेल त्या फटीतून गाणं, खेळ, मैत्री आणि विचार उभा केला, याचा अभिमान वाटतोच. पण त्या अभिमानात मूळ अन्याय झाकला जाऊ नये. ओव्या सुंदर आहेत म्हणून पहाटेचं दळण न्याय्य ठरत नाही. 1890 मध्ये त्या दोघींनी सुट्टी मागितली, तेव्हा त्या सुट्टीत आपण काय करू, याचा हिशेब त्यांनी देण्याची गरज नव्हती. आपल्या घरांत कामाची आणि विसाव्याची वाटणी अजून व्हायची आहे. ती करायला कायदा लागत नाही. पुरुषांनी कामाचा आपला वाटा उचलावा, आणि बसलेल्या बाईला ‘काय करतेस?’ हा प्रश्न कुणीच विचारू नये, तिच्या सासूने नाही, लेकीने नाही आणि तिने स्वतःही नाही.